बाबासाहेबांचा संघर्ष लेकरांवर छडीसारखा उगारू नका!

केळशीसारख्या गावातल्या बौद्धवाडीत एखादी पोरगी ऐन मे महिन्याच्या उकाड्यात पूर्ण बाह्यांचा ड्रेस घालून वावरते. एक दिवस बाहीखालच्या जखमा घरच्यांना दिसतात. कुणी म्हणते, "नाटकं आहेत." कुणी भगताकडे न्यायला निघते. आणि आम्ही कार्यकर्ते? आम्ही म्हणतो, "बाबासाहेबांनी किती सोसलं, आणि तू एवढ्याशानं खचतेस?"

आम्हाला हे तिसरे वाक्य सर्वांत घातक वाटते. भगताचा खोटेपणा आम्ही लगेच ओळखतो. हे वाक्य मात्र आमच्याच तोंडचे आहे. त्यातून पोरगी एवढेच शिकते की दुःख सांगणे म्हणजे चळवळीला कमीपणा आणणे.

बाबासाहेबांनी स्वतःचे दुःख लपवले होते का? रमाईंचे माहेर वणंद, याच दापोली तालुक्यातले. १९२६ साली या दोघांचा राजरत्न गेला. आपण दोघेही त्या धक्क्यातून सावरलेलो नाही, हे बाबासाहेबांनी दत्तोबा पवारांना पत्रात मोकळेपणाने लिहिले. मग त्यांचे अनुयायी लेकरांना रडूही का देत नाहीत?

२०१६ मध्ये रोहित वेमुला गेला, २०१९ मध्ये डॉ. पायल तडवी गेली. आम्ही रस्त्यावर उतरलो, उतरायलाच हवे होते. पण जिवंत लेकराच्या उशाशी मोर्चा बसत नाही. तिथे घराने आणि वाडीनेच बसायचे असते.

आरडाओरडा नको, चारचौघांत हात दाखवणे नको. आधी जखमेवर औषधपाणी करा, मग ऐका. मरावेसे वाटते का, हे थेट विचारा. विचारल्याने तो विचार डोक्यात शिरत नाही. 'हो' म्हणाली तर एकटे सोडू नका, लगेच डॉक्टर गाठा. जातीवरून टोमणे, लैंगिक छळ यांचीही विचारपूस करा. छळ चालू असेल तर नुसते समुपदेशन पुरणार नाही. तिथे संघटनेने उभे राहायचे. पोलीस केसच्या भीतीने दवाखाना टाळू नका. २०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्याचे कलम ११५ आत्महत्येचा प्रयत्न करणाऱ्याला शिक्षा नव्हे, उपचार देण्याची जबाबदारी सरकारवर टाकते.

प्रादेशिक मनोरुग्णालय रत्नागिरी शहरात, केळशी जिल्ह्याच्या उत्तर टोकाला. पण टेली-मानसचा १४४१६ हा मोफत क्रमांक चोवीस तास चालू असतो आणि तिथे मराठीत बोलता येते. तो विहाराच्या भिंतीवर लिहा. वर्षावासातले एक प्रवचन या विषयावर ठेवा, आणि त्या दिवशी पोरांना बोलू द्या, आपण ऐकू.

जयभीम!