दोन्ही नोंदी, नाहीतर एकही नाही!

आईने मुलाच्या खात्यात पाच हजार रुपये पाठवले आणि नेमका तेव्हाच बँकेचा संगणक बंद पडला, तर? पैसे अधांतरी राहू नयेत म्हणून आज्ञावलीत एक दंडक असतो : वजा आणि जमा या दोन्ही नोंदी झाल्या तरच व्यवहार पक्का, एक जरी अडली तरी दोन्ही रद्द. बंगळूरच्या इलेक्ट्रॉनिक सिटीतील इन्फोसिसची ‘फिनॅकल’ ही बँकप्रणालीही हाच दंडक पाळते.

एटीएमचे मात्र वेगळे. खाते बँकेत, नोटा यंत्रात! रक्कम वजा झाली, पण नोटा आल्याच नाहीत, तर बँकेने पाच दिवसांत ती परत करावी. पुढे रोज १०० रुपये भरपाई द्यावी, असा रिझर्व्ह बँकेचा २०१९ चा नियम आहे. तेव्हा यंत्रातून निघालेली पावती जपून ठेवा.