माणसे वाढवल्याने सॉफ्टवेअर लवकर होत नाही

२०१७ सालचा उन्हाळा मुंबई विद्यापीठाच्या परिसरातील विद्यार्थी आणि प्राध्यापक सहसा विसरणार नाहीत. ठाण्याच्या जोशी-बेडेकर महाविद्यालयापासून कल्याणच्या बिर्ला महाविद्यालयापर्यंत सर्वत्र त्या वर्षी एकच विचारणा होती: निकाल कधी? सुमारे सतरा लाख उत्तरपत्रिकांच्या प्रतिमा संगणकाच्या पडद्यावर आणून त्या तपासण्याचा निर्णय परीक्षांच्या हंगामातच अमलात आणला गेला. कुलपती या नात्याने राज्यपालांनी ३१ जुलैची मुदत घालून दिली, तीही टळली. अखेरचे निकाल लागेपर्यंत सप्टेंबर उजाडला आणि ऑक्टोबरात कुलगुरूंना पदावरून दूर करण्यात आले. दरम्यान पदव्युत्तर प्रवेशांचे वेळापत्रक कोलमडले आणि परदेशी जाऊ इच्छिणारे विद्यार्थी गुणपत्रिकेसाठी खेटे घालत राहिले.

दोषी व्यक्ती सापडली की प्रश्न सुटला, असे मानण्याची आपल्याकडे रीत आहे. पण व्यक्ती गेली तरी प्रश्न उरतोच. डोंबिवली-कल्याणहून ऐरोली-पवईकडे रोज जाणाऱ्या गर्दीत जगभरच्या कंपन्यांसाठी सॉफ्टवेअर लिहिणारे तरुण हजारोंनी असतात. मग आपल्याच विद्यापीठाला, आपल्याच कार्यालयांना वेळेवर चालणारी प्रणाली का मिळू नये? याचे उत्तर कोणाच्या बुद्धीत वा निष्ठेत शोधण्यापेक्षा या श्रमाच्या स्वरूपात शोधणे अधिक योग्य ठरेल.

अर्थशास्त्राचा विद्यार्थी श्रमविभागणीचा पहिला धडा ॲडम स्मिथच्या टाचणीच्या कारखान्यात गिरवतो. एकेकट्याने दिवसाला वीस टाचण्याही न करू शकणारे दहा कामगार काम वाटून घेतात आणि दिवसाला ४८,००० टाचण्या तयार करतात, असे स्मिथने १७७६ मध्ये दाखवून दिले. उत्तरपत्रिका तपासणे हे बव्हंशी याच जातीचे काम आहे. दहा परीक्षकांना दहा दिवस लागत असतील, तर वीस परीक्षक ते पाच दिवसांत उरकतील. कारण एका गठ्ठ्याचा दुसऱ्याशी संबंध नसतो. पण ज्या प्रणालीवर ती तपासणी व्हायची, ती घडवण्याचे काम असे नाही. लग्नाच्या पंगतीत वाढपी वाढवले तर वाढणे लवकर उरकते. पण एकाच पातेल्यातील आमटीत दहा जणांनी आपापल्या अंदाजाने मीठ घातले तर ती आमटी कोणी तोंडात घालणार नाही.

अमेरिकेतील आयबीएम कंपनीने १९६४ मध्ये जाहीर केलेल्या ‘सिस्टिम/३६०’ या संगणकमालेची संचालन प्रणाली रचताना हाच अनुभव आला. त्या कामाचे प्रमुख फ्रेडरिक ब्रुक्स यांनी १९७५ मध्ये ‘द मिथिकल मॅन-मंथ’ या पुस्तकात त्याचे सार मांडले: रखडलेल्या सॉफ्टवेअरच्या कामावर आणखी माणसे लावली, तर ते अधिकच रखडते. यामागचा हिशेब शाळकरी गणिताचा आहे. पाच माणसांत परस्परसंवादाच्या दहा जोड्या होतात, दहा माणसांत पंचेचाळीस, आणि पन्नास माणसांत बाराशे पंचवीस. माणसे दहापट होतात तेव्हा समजुती जुळवण्याचे काम शंभरपटीहून अधिक होते. शिवाय नव्याने आलेल्यास शिकवायचे ते जुन्यानेच. म्हणजे ज्याच्या हातून काम व्हायचे, त्याचाच वेळ शिकवण्यात जातो.

दुसरी अडचण याहून खोल आहे. परीक्षा विभागातील ज्येष्ठ लिपिकास जे ठाऊक असते, ते सारे नियमपुस्तिकेत नसते. पुरवणी सुटली तर काय करायचे, जुन्या अभ्यासक्रमाचा पुनर्परीक्षार्थी कोणत्या यादीत धरायचा, केंद्र बदललेल्या विद्यार्थ्याचा आसनक्रमांक कसा जुळवायचा, हे त्याच्या सवयीत मुरलेले असते. माणूस अशा ठिकाणी थांबतो, शेजाऱ्यास विचारतो आणि मार्ग काढतो. यंत्रास मात्र प्रत्येक अपवाद आधी सांगावा लागतो. प्रतिमा काढणारा गट मुख्य उत्तरपत्रिका व पुरवणी या दोन वस्तू मानतो आणि गुणांची बेरीज करणारा गट एकच मानतो, असे झाले तर दोन्ही गटांचे काम आपापल्या परीने निर्दोष असूनही निकाल चुकीचा लागेल. मेल्व्हिन कॉनवे यांनी १९६८ मध्येच दाखवले होते की, संस्थेतील माणसे एकमेकांशी जशी बोलतात, तशीच त्यांनी रचलेली प्रणाली उतरते. जिथे खाती परस्परांशी केवळ टिपणीतून बोलतात, तिथे प्रणालीही तुटकच निघणार.

मोठ्या प्रणाली यशस्वी होतच नाहीत, असा याचा अर्थ नव्हे. रेल्वे आरक्षणाची संगणकीय व्यवस्था १९८० च्या दशकात दिल्लीत सुरू झाली आणि टप्प्याटप्प्याने देशभर पसरली. आपल्या कल्याण-डोंबिवली महापालिकेने या शतकाच्या आरंभी जन्म-मृत्यूचे दाखले व कराचा भरणा नागरी सुविधा केंद्रात संगणकावर आणला आणि पुढे तो राज्यातील इतर पालिकांना नमुना ठरला. या दोन्ही ठिकाणी व्यवस्था आधी एका जागी रुळली आणि मगच तिचा विस्तार झाला. विद्यापीठाने मात्र एका झटक्यात सर्व शाखांच्या उत्तरपत्रिका नव्या व्यवस्थेवर टाकल्या.

आता यंत्रच आज्ञावली लिहू लागले आहे, तेव्हा ही चर्चा कालबाह्य झाली, असे कोणी म्हणेल. ते तितकेसे खरे नाही. याच ब्रुक्स यांनी १९८६ च्या एका निबंधात साधनांमुळे येणाऱ्या अडचणी आणि विषयातच असणाऱ्या अडचणी यांत भेद केला होता. पहिल्या प्रकारच्या अडचणी यंत्राने कमी होतात. पण पुरवणीचे काय करायचे, हे कोणी तरी ठरवून सर्वांना एकाच अर्थाने सांगावेच लागते. ते ठरले नसेल तर यंत्र चुकीची आज्ञावलीही तितक्याच वेगाने लिहील.

तेव्हा सरकारी वा विद्यापीठीय निविदेत सर्वांत कमी दर आणि उद्घाटनाची तारीख एवढेच पाहून भागणार नाही. जुनी आणि नवी पद्धत एक सत्र तरी एका शाखेपुरती जोडीने चालवावी, आणि जे लिपिक व शिक्षक ती वापरणार आहेत, त्यांना पहिल्या बैठकीपासून सोबत बसवावे. यात वेळ व पैसा जाईल, हे खरे. पण २०१७ मध्ये तो वाचवू पाहिला तेव्हा त्याची किंमत ज्यांनी मोजली, त्यांचा त्या निर्णयाशी काहीही संबंध नव्हता.