‘नांदेडला न्या’ म्हणणाऱ्या डॉक्टरसाहेबांस

आदरणीय डॉक्टरसाहेब,

तुमचं नाव मी इथं लिहीत नाही, परभणी जिल्ह्यातल्या तुमच्या दवाखान्याचंही नाही. पण शेळ्यांसाठी पाला तोडताना लिंबावरून पडलेला गोदाकाठचा तरुण तुमच्या टेबलावर आणला होता, हे तुम्ही विसरला नसाल. मी त्याची थोरली बहीण.

गावातल्या माणसांनी त्याला काखेत हात घालून उठवून बसवलं, पाणी पाजलं. त्यांच्यावर माझा राग नाही. त्यांना कोणी शिकवलं नव्हतं. तुम्हाला शिकवलं होतं. उंचावरून पडलेला माणूस मान दुखते, हातांना मुंग्या आल्यात म्हणतो, तेव्हा तपासून खात्री होईपर्यंत मणका मोडलाय असंच धरून चालायचं असतं ना?

तुमच्यासमोर त्यानं उजव्या पायाचा अंगठा हलवला. मी पाहिलं, तुम्हीही पाहिलंत. ‘हलतोय ना, मग घाबरू नका,’ असं म्हणालातही. मग एक सलाइन, एक इंजेक्शन आणि चिठ्ठी: ‘नांदेडला न्या.’ चिठ्ठीत अंगठा नाही, बीपी नाही, वेळ नाही. मानेला पट्टा नाही, पाठीखाली फळी नाही. 108 ला फोनसुद्धा नाही. 2014 पासून त्या गाड्या राज्यभर फुकट धावतात. फळी आणि पट्टा त्यांत असतो. आम्हाला मात्र बाहेर उभी असलेली जीप दाखवली गेली. मागच्या सीटवर गुडघे दुमडून त्याला कोंबलं, आणि खड्ड्याखड्ड्याला त्याची मान माझ्या मांडीवर डुलत राहिली.

विष्णुपुरीच्या सरकारी रुग्णालयात पोचलो तेव्हा छातीखाली काहीच हलत नव्हतं. तिथल्या डॉक्टरांचा पहिला प्रश्न होता, “पडल्यावर पाय हलत होते का?” मी हो म्हणाले. त्यांनी तुमची चिठ्ठी उलटसुलट करून पाहिली. थोडीशी हालचाल जरी शिल्लक असेल तर मज्जारज्जू पुरता गेलेला नसतो, त्यावरचा दाब जमेल तितक्या लवकर, 24 तासांच्या आत काढायची धडपड करावी लागते, हे त्यांनीच समजावलं. बीपी पडलं आणि नाडीही मंद झाली, तर तो मज्जारज्जूलाच बसलेला धक्का असू शकतो; बीपी सावरलं नाही तर सुजलेल्या मज्जारज्जूला रक्त पुरत नाही. तुमचा कंपाउंडर त्याला ‘घाबरलाय’ म्हणाला होता. लघवी तुंबून ओटीपोट टम्म झालं होतं, नळी तिथं गेल्यावर घातली.

तिथं चौघांनी मिळून, एकानं डोकं धरून, ओंडका लोळवावा तसं त्याला एकसंध कुशीवर वळवलं. तेव्हा पँटच्या मागच्या खिशातून मोटारीच्या खोलीची किल्ली निघाली. इतका वेळ ती मांसात रुतली होती आणि त्याला पत्ताच नव्हता. त्या जागेची जखम ऑपरेशनच्या टाक्यांनंतरही कितीतरी दिवस भरली नाही. खिसे रिकामे करायला कोणतं यंत्र लागतं, साहेब?

सूज वाढूनही पाय जाऊ शकतात, हे मला सांगितलं गेलंय. जीपमुळेच गेले असं मी छातीठोकपणे म्हणत नाही. पण खरं काय ते आता कधीच कळणार नाही, कारण तुम्ही लिहिलं नाही. मला सलतं ते हे.

शेजारच्या परळीचे गोपीनाथ मुंडे 3 जून 2014 ला दिल्लीतल्या अपघातात गेले. त्यांच्या नावानं शेतकऱ्यांसाठी अपघात योजना आहे. दोन अवयव निकामी झाले तर 2 लाख मिळतात. तिचे कागद गोळा करताना तुमची चिठ्ठी पुन्हा हाती आली, म्हणून हे पत्र.

तुमच्याकडून मला पैसे नकोत. टेबलाजवळ एक फळी आणि दोन-तीन मापांचे पट्टे ठेवा. पेशंट पुढं पाठवताना काय हलत होतं, काय नव्हतं आणि किती वाजता, ते लिहा; पुढच्या डॉक्टरांना फोन करा. आणि एकदा माझ्या भावाला भेटायला या. अंगठा हलला होता हे लोक त्याच्या मनाचे खेळ समजतात. तुम्ही पाहिलंत, हे त्याला तुमच्या तोंडून ऐकायचंय.

आपली,
एका पेशंटची बहीण