बरं वाटतं म्हणून

निवृत्तीनंतर माणसाच्या गप्पांचे विषय किती झपाट्याने बदलतात! बँकेत होतो तेव्हा बढती, बदली आणि महागाई भत्ता याखेरीज आमच्या तोंडी दुसरा शब्द नसे. आता सकाळी बागेतल्या बाकावर आम्ही चौघे जमलो, की बी-ट्वेल्व्ह, ओमेगा-थ्री आणि साठ हजार युनिटचं 'डी'. का घेता म्हणून विचारावं, तर उत्तर ठरलेलं. "बरं वाटतं हो!"

मीही त्यातलाच. मुलाने अमेरिकेहून येताना मल्टिव्हिटॅमिनची भलीमोठी बरणी आणली. रोज न्याहारीनंतर एक गोळी. आठवड्याभरात हुशारी वाटू लागली. अडलेलं कादंबरीचं प्रकरणही पुढे सरकलं. हिला म्हटलं, "बघ, गुण येतोय." ती म्हणाली, "गोळीचा, की मुलगा महिनाभर घरी आहे त्याचा?" मी ते हसण्यावारी नेलं.

पुढे एका अभ्यासाविषयी वाचनात आलं. २०२० साली 'बीएमजे ओपन'मध्ये तो प्रसिद्ध झाला. (करणाऱ्यांत दोन परांजपे आहेत हे पाहून उगाचच बरं वाटलं.) अमेरिकेतल्या २०१२च्या आरोग्य पाहणीतल्या २१,६०३ प्रौढांच्या नोंदी त्यांनी तपासल्या. अशा गोळ्या घेणारे लोक आपली प्रकृती इतरांपेक्षा ३० टक्क्यांनी चांगली असल्याचं सांगत होते. पण जुने आजार, वर्षभरातली दुखणी, रोजच्या कामात लागणारी मदत, मनाचा ताण अशा गोष्टी पडताळल्या, तर दोघांत फरक सापडला नाही. एकवेळच्या पाहणीवरून गोळी निरुपयोगी ठरत नाही, हे खरं. तरीपण मला माझाच फोटो कुणीतरी छापल्यासारखं झालं.

कारण सांगतो. बरं वाटत होतं, म्हणून मी दोन वर्षं रक्त तपासलं नाही. चष्म्याचा नंबर बदलायला गेलो, तेव्हा डोळ्यांच्या डॉक्टरांनी आत डोकावून विचारलं, "साखर कधी पाहिली होती?" तीन महिन्यांची सरासरी ९.४ निघाली. डोळ्याच्या पडद्यावर रक्ताचे बारीक ठिपके उमटले होते. आणि मला तर छान वाटत होतं! खात्यात पैसे आहेत असं 'वाटतं', एवढ्यावर मी कुणाचा चेक कधी पास केला नाही. लेजर उघडून शिल्लक बघितली. स्वतःच्या बाबतीत मात्र ते लेजर उघडलंच नाही.

गोळ्या सरसकट खोट्या असं मला म्हणायचं नाही. आमच्या हिच्या तळपायांना मुंग्या येत. वयाचं असेल म्हणून आम्ही सोडून दिलं होतं. तपासल्यावर बी-ट्वेल्व्ह फार कमी निघालं. जन्मभराची शाकाहारी, त्यामुळे नवल नाही. इंजेक्शनं घेतली, मुंग्या ओसरल्या. तिथे आधी कमतरता सापडली, मग औषध आलं. आमच्या बाकावर हा क्रम कुणी पाळत नाही.

"घेतली तर बिघडतंय काय?" असं विचारणारे भेटतातच. फिनलंडमध्ये २९ हजारांवर धूम्रपान करणाऱ्या पुरुषांवर एक चाचणी झाली होती. बीटा-कॅरोटिन, म्हणजे गाजरातलं ते पिवळं द्रव्य, गोळीतून दिल्यास फुप्फुसाचा कर्करोग टळेल अशी अपेक्षा होती. १९९४ साली निष्कर्ष आले, तेव्हा ती गोळी घेणाऱ्यांत तो १८ टक्क्यांनी जास्त निघाला. गाजर खाऊन असं काही होत नाही. गाजरं खुशाल खावीत.

आता रोज सकाळी पाऊण तास चालतो, साखरेची गोळी घेतो आणि दर तीन महिन्यांनी रक्त देतो. पूर्वीइतकं बरं वाटतं का? खरं सांगायचं तर नाही.

मुलगा रविवारी फोन करतो. "बाबा, गोळ्या संपत आल्या असतील ना? मित्र येतोय, त्याच्याबरोबर पाठवतो." तिकडे बसून त्याला माझ्यासाठी एवढंच करता येतं, हे मला कळतं. मी "पाठव" म्हणतो. जुन्या बरणीत हिने मेथ्या भरल्यात. साखरेचं त्याला अजून सांगितलेलं नाही. तो हा पेपर तिकडे वाचतो, तेव्हा आज कळेलच.