दारची कण्हेर

मैत्रिणींनो, देवाला रोज चार फुलं हवीत म्हणून आपण दारात कण्हेर लावतो. एखाद् दिवस पाणी चुकलं तरी कुरकुर नाही, बारा महिने हिरवीगार, आणि शेळ्याही तिला तोंड लावत नाहीत. त्या का लावत नाहीत, हे मात्र आपल्या मनात येत नाही. संस्कृतात कण्हेरीला 'करवीर' म्हणतात, तसंच 'हयमारक'ही म्हणतात. हयमारक म्हणजे घोड्याला मारणारी! जुन्या लोकांनी नावातच सगळं सांगून ठेवलंय.

मागे माझ्या नणंदेच्या नातवानं खेळता खेळता बिट्टी फोडून आतला गर चाखला. कडू लागला म्हणून थुंकला, तरी उलट्या सुरू झाल्याच. दवाखान्यात डॉक्टरांनी विचारलं, "काय खाल्लं?" ही म्हणाली, "कण्हेर." "कुठली कण्हेर?" झालं, फांदी आणायला पुन्हा कुणाला तरी घरी पिटाळावं लागलं. पोरगा वाचला, पण त्या अर्ध्या तासात नणंदेचं पाणी पाणी झालं.

कारण कण्हेरी दोन. तांबडी-पांढरी-गुलाबी ती खरी कण्हेर. लिनियसनं १७५३ साली तिला 'नेरियम ओलिअँडर' हे नाव दिलं. आपल्याकडची वासाची कण्हेर निराळी समजून तिला पुढे 'नेरियम इंडिकम', 'नेरियम ओडोरम' अशी नावं पडली. जुन्या पुस्तकांत तीच दिसतात, पण आता ही सगळी एकच जात मानतात.

दुसरी पिवळी, म्हणजे बिट्टी. ही मूळची अमेरिकेकडची. तिला पुस्तकात 'थेवेशिया पेरुवियाना' म्हणतात, हल्लीचं नाव 'कॅस्काबेला थेवेशिया'. लिनियसनं मात्र तिला 'सर्बेरा' म्हटलं होतं. ग्रीक पुराणात पाताळाच्या दारावर राखण करणारा सर्बेरस नावाचा कुत्रा आहे, त्याच्यावरून! रोपवाटिकेतल्या पाटीवर यातलं कुठलंही नाव असेल, त्यानं फसू नका.

विष दोघींच्याही पानाफुलांत, सालीत, मुळांत, बियांत असतं, आणि ते थेट हृदयाच्या ठोक्यांवर जातं. आधी मळमळ, उलट्या, पोटात कळा. मग नाडी मंद आणि अनियमित. पानं वाळवली किंवा उकळली तरी विष जात नाही. म्हणून छाटलेल्या फांद्या बंबात घालू नका, धूरही वाईट. पोराबाळांच्या हाती बिट्ट्या देऊ नका. कुणी सांगितलं तरी घरच्या घरी पाल्याचा काढा तर मुळीच नको.

केरळात तिला 'अरळी' म्हणतात. तिची पानं चघळल्यानं एका तरुणीचा मृत्यू झाल्याचा संशय आल्यावर मे २०२४ मध्ये त्रावणकोर देवस्वम मंडळानं नैवेद्य-प्रसादात ही फुलं वापरणं बंद केलं. पूजेला मनाई केली नाही. मीही झाड तोडा म्हणत नाही. देवाला फुलं खुशाल वाहा, मात्र ती नैवेद्याच्या ताटात आणि तीर्थाच्या भांड्यात पडू देऊ नका, आणि फुलं तोडल्यावर हात धुवा.

आणि कधी प्रसंग आलाच, तर मीठ-पाणी पाजून ओकारी काढत बसू नका. झाडाची एक फांदी, फळासकट मिळाली तर उत्तमच, पिशवीत घाला आणि तडक दवाखाना गाठा.