थकव्यावर चालण्याची मात्रा

सुनबाईचा ताप उतरला, सांधेही आता फारसे दुखत नाहीत. तरी दुपार होताच ती आडवी होते. सासूबाई मायेने म्हणतात, ‘पडून राहा.’ शेजारी कुजबुजतात, ‘आळस आहे.’ ल्युपस झालेल्या घरात ही दोन्ही वाक्ये ऐकू येतात आणि दोन्ही रुग्णाचे नुकसानच करतात.

या आजारात शरीराची संरक्षक यंत्रणा आपल्याच अवयवांवर उलटते. दर 10 रुग्णांत सुमारे 9 स्त्रिया, त्याही बहुधा ऐन संसाराच्या वयातल्या. थकवा हे त्यांचे नित्याचे गाऱ्हाणे. पण तो नुसत्या विश्रांतीने जात नाही. सतत पडून राहिल्याने स्नायू क्षीण होतात, स्टेरॉइड त्यात भर घालते. मग साधा जिना चढणेही शिल्लक शक्तीचा मोठा हिस्सा घेऊन जाते. भरणा थांबला आणि उचल मात्र चालूच, असा हा हिशेब.

लंडनमधील 93 रुग्णांवरील एक अभ्यास 2003 साली प्रसिद्ध झाला. 12 आठवडे हळूहळू वाढवत नेलेला व्यायाम करणाऱ्यांपैकी 49 टक्के रुग्णांनी ‘पुष्कळ बरे वाटते’ असे सांगितले; केवळ शिथिलीकरण करणाऱ्यांत हे प्रमाण 28 टक्के, तर काहीच न करणाऱ्यांत 16 टक्के होते. व्यायामाने आजार उसळेल, ही भीती खरी ठरली नाही. मात्र मूत्रपिंडासारख्या प्रमुख अवयवात आजार बळावलेले रुग्ण त्यात घेतलेच नव्हते, हे विसरू नये.

नागभीडला प्रश्न उरतो तो वेळेचा. ऊन ल्युपसला चेतवते, आणि चंद्रपूरचा उन्हाळा तर 45 अंशांपुढे जातो. सूर्योदयापूर्वी निघावे, तर ब्रह्मपुरी वनविभागातला हा वाघांचा मुलूख; पहाटेच्या अंधारात जंगलाकडच्या रस्त्यावर एकटीने जाणे शहाणपणाचे नव्हे. त्यापेक्षा घराची ओसरी, दुकानामागचे गोदाम किंवा दिवस मावळल्यावरची गच्ची बरी. चालायला छप्पर चालते.

प्रारंभी 10 मिनिटे, बोलता येईल इतक्याच वेगाने. आठवडाभर निभावले तर 2-3 मिनिटे वाढवावीत. दुसऱ्या दिवशी अंग मोडून आले तर मागे यावे, सोडून देऊ नये. त्याआधी डॉक्टरांची संमती घ्यावी, हिमोग्लोबिन व थायरॉईड तपासावे. पायांवर सूज, फेसाळ लघवी, छातीत दुखणे किंवा नवा ताप असेल, त्या दिवशी चालणे बंद ठेवून डॉक्टरांना गाठावे.