रक्तांत डोळ्याची खूण

जालन्याच्या एका वाचकभगिनीचें पत्र आमच्यापुढें आहे. त्यांच्या सासूबाईंना पोथी वाचतांना ओळ मध्येंच वांकडी दिसूं लागली. घरच्या मंडळींनीं मोतीबिंदु समजून तो पिकण्याची वाट पाहिली. मध्यंतरीं रक्त तपासलें, साखर बेताची निघाली, सर्व निर्धास्त झाले, आणि चार महिने गेले. आतां निदान झालें आहे तें डाव्या डोळ्याच्या पीतबिंदूच्या वार्धक्यजन्य ऱ्हासाचें. भगिनी विचारतात, "तेव्हांच रक्तांत हें दिसलें नसतें काय?"

प्रश्न रास्त आहे; संशोधकांनाहि तो पडला आहे. दृष्टिपटलाच्या मध्यभागीं असलेल्या पीतबिंदूवर वाचणें, चेहरा ओळखणें, सुईंत दोरा ओवणें हीं कामें अवलंबून असतात. वयोमानानें त्याच्याखालीं ड्रूसेन नांवाचे पिवळसर कण सांचतात. ह्या कणांत 'कॉम्प्लिमेंट' नामक रक्षक प्रथिनें सांपडतात. जंतूंवर तुटून पडावयाचें हें सैन्य येथें घरच्याच पेशींवर उलटतें. त्याला आवर घालणाऱ्या 'फॅक्टर एच्' प्रथिनाच्या जनुकांतील एका फरकाचा ह्या विकाराशीं संबंध २००५ सालीं उघड झाला. रुग्णांच्या रक्तांत सी-रिअॅक्टिव्ह प्रथिन अधिक असल्याचेंहि कित्येक पाहण्यांत आढळलें. पण तें संधिवातांतहि वाढतें, हृदयविकारांतहि! अशा खुणा समूहाविषयीं बोलतात. एकट्या सासूबाईंविषयीं मौन पाळतात. ह्या विकाराचा निवाडा देणारी रक्तपरीक्षा अद्याप नित्याच्या व्यवहारांत आलेली नाहीं. साखर बरी म्हणून डोळा बरा, हें अनुमान तर मुळांतच चुकलें.

मुलांच्या गणिताच्या वहींतील चौकटींचा कागद मात्र पुष्कळ सांगतो. स्विस नेत्रवैद्य मार्क आम्सलर ह्यांची ही युक्ति. कागदाच्या मध्यें ठिपका काढावा, वाचण्याचा चष्मा लावून एकेक डोळा झांकून त्याकडे पाहावें. रेघा वांकल्या वा पुसट झाल्या, तर तिथि-वार न पाहतां नेत्रवैद्याकडे जावें. ओल्या प्रकारांत डोळ्यांत द्यावयाचीं इंजेक्शनें वेळेवर मिळालीं तर बरीचशी दृष्टि राखतात. गेलेली सगळी परत आणीत नाहींत. जालन्यांतच श्री गणपति नेत्रालय असतां तपासणीसाठीं मुंबईच्या पाहुण्यांचें पत्र येईपर्यंत कशाला थांबावें?

विकार अंशतः आनुवंशिक आहे, म्हणून भगिनींच्या यजमानांनींहि डोळे तपासून घ्यावेत, आणि ओढीत असल्यास सिगारेट आजच सोडावी. सासूबाईंचा उजवा डोळा अजून चांगला आहे, असें पत्रांत आहे. चौकटींचा एक कागद आम्हीं उत्तरासोबत पाठविला आहे. तो देवघराशेजारीं, त्यांच्या नजरेच्या उंचीवर लावावा.